मुंबईत एकच दिवस आहे, तर कोणती कलासंग्रहालयं बघाल?

आमच्याकडे डोंबिवलीला वर्षातून चार-पाच वेळा तरी असा फोन येतो. "शनिवारी लग्न आहे, रविवारी संध्याकाळची गाडी. मधल्या वेळात म्युझियम बघू म्हणतोय. कुठलं बघू गं?" पूर्वी मी पटापट पाच नावं सांगायचे. मग पाहुणे पाचही ठिकाणी जायचे, रात्री पाय चेपत बसायचे आणि काय पाहिलं विचारलं तर म्हणायचे, "खूप होतं, सगळं छान होतं." एकही मूर्ती, एकही चित्र लक्षात राहिलेलं नसायचं. माणसं प्रवास करून, तिकीट काढून, उन्हातून चालत येतात आणि रिकाम्या हातांनी परततात, याचं मला फार वाईट वाटायचं.

आता नावं मी शेवटी सांगते. आधी विचारते, वार कोणता, गाडी कुठे उतरवते, बरोबर कोण आहे आणि तुम्हाला मनापासून काय बघायला आवडतं? उत्तरं मिळाली की निवड जवळजवळ आपोआप होते. आणि निवड इमारतीची करायचीच नाही, दालनाची करायची. मोठ्या संग्रहालयातली दोन दालनं नीट बघून बाहेर पडलं तरी ते संग्रहालय आपण पाहिलेलं असतं.

आधी कॅलेंडर उघडा

एकदा मी पाहुण्यांची दोन मुलं आणि त्यांच्या आजीला घेऊन, लोकलच्या गर्दीतून वाट काढत एका संग्रहालयाच्या बंद दारापाशी पोचले होते. त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होती आणि मी बघितलं नव्हतं. तेव्हापासून पहिला प्रश्न वाराचा.

सोमवारी फोर्टमधलं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, म्हणजे एनजीएमए, बंद असतं. घारापुरीची लेणीही सोमवारीच बंद. बुधवारी भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बंद, आणि ते ज्या राणीच्या बागेत, म्हणजे प्राणिसंग्रहालयात आहे, ती बागही. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला साप्ताहिक सुट्टी नाही, काही राष्ट्रीय सुट्ट्यांना मात्र ते बंद ठेवतात. जहांगीर आर्ट गॅलरी रोज उघडी असते. कुलाबा-फोर्टमधल्या खासगी गॅलऱ्या बहुतेक रविवारी बंद असतात. म्हणून नव्या पिढीची चित्रं बघायची असतील, तर नेमका सुट्टीचा दिवस कामाचा नाही, शनिवार धरा.

वेळाही ढोबळ लक्षात ठेवा. वस्तुसंग्रहालय सव्वादहा ते सहा, एनजीएमए अकरा ते सहा, जहांगीर अकरा ते सात, भाऊ दाजी लाड दहा ते सहा. तिकीट खिडकी दार बंद व्हायच्या आधीच मिटते, त्यामुळे साडेपाचला पोचून काही हाती लागत नाही. वेळा बदलतात, एखादं दालन दुरुस्तीसाठी बंद असतं. निघायच्या आदल्या दिवशी त्या त्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर नजर टाका किंवा सरळ फोन लावा. त्यात एनजीएमएची गोष्ट वेगळी. तिथे बहुतेक वेळा बदलती प्रदर्शनं असतात. एक उतरलंय आणि दुसरं लागायचंय अशा दिवसांत गेलात तर बघायला फारसं काही नसतं. तिथे "उघडं आहे का" एवढंच विचारून भागत नाही, "आत्ता काय लागलंय" हेही विचारा.

जहांगीरचा एक बारकावा बाहेरगावच्या लोकांना सहसा ठाऊक नसतो. तिथली प्रदर्शनं साधारण मंगळवार ते सोमवार अशी आठवड्याची असतात. मंगळवारी नवी चित्रं लागतात आणि चित्रकार स्वतः हजर असतो, ताजातवाना, बोलायला उत्सुक. सोमवारी संध्याकाळी उतरवाउतरवीची गडबड सुरू झालेली असते.

गाडी कुठे उतरवते

मुंबईत अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, लोकलच्या लाइनीवर मोजतात. वस्तुसंग्रहालय, एनजीएमए आणि जहांगीर हे तीन काळा घोड्याच्या चौकाभोवती एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. रस्ता ओलांडला की दुसरं. सीएसएमटीहून दादाभाई नौरोजी रस्त्याने, हुतात्मा चौकावरून चालत गेलात तर वीस-पंचवीस मिनिटं. ऊन असेल तर काळी-पिवळी करा. ड्रायव्हरला पूर्ण नाव सांगायची गरज नाही, नुसतं "म्युझियम" म्हटलं की तो बरोबर तिथे सोडतो. रिक्षा मात्र शोधू नका, शहराच्या या भागात रिक्षा चालतच नाहीत. आता भुयारी मेट्रोचं हुतात्मा चौक स्थानकही जवळ आहे. विमानतळाकडून किंवा वांद्रे-कुर्ला संकुलाकडून, म्हणजे बीकेसीकडून, येणाऱ्यांना तो मार्ग सगळ्यांत बिनत्रासाचा.

भाऊ दाजी लाड संग्रहालय या घोळक्यापासून लांब, भायखळ्याला. सीएसएमटीहून मशीद, सँडहर्स्ट रोड, भायखळा, म्हणजे तिसरंच स्टेशन. पूर्वेला उतरून राणीच्या बागेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं चालायचं. पुण्याहून डेक्कन क्वीनने येत असाल तर दादरला उतरून मध्य रेल्वेची स्लो लोकल धरा आणि भायखळ्याला आधी जा. सीएसएमटीपर्यंत जाऊन परत मागे येण्यात वेळ घालवू नका.

रविवार असेल तर मेगाब्लॉक कुठल्या लाइनीवर आहे ते शनिवारीच वर्तमानपत्रात बघा. रविवारी माझ्या हिशोबात प्रत्येक लोकल प्रवासाला वीस मिनिटं जास्तीची असतात.

सामानाचं सांगायलाच हवं. मोठ्या बॅगा घेऊन दालनांत जाऊ देत नाहीत, आणि देत असते तरी खांद्यावर आठ किलो घेऊन कुणाला चित्र बघता येतं? सीएसएमटीला क्लोकरूम आहे, पण बॅगेला कुलूप लागतं. साधी चेन ओढलेली बॅग घेत नाहीत. छोटं कुलूप घरूनच आणा.

बरोबर कोण आहे

एकटे किंवा दोघं असाल तर हा भाग सोडून पुढे जा. घरचा लवाजमा असेल तर मात्र निवड इथेच ठरते.

लहान मुलं असतील तर दोन चांगले पर्याय आहेत. वस्तुसंग्रहालयाच्या आवारातच मुलांसाठी वेगळं संग्रहालय आहे, २०१९ साली सुरू झालेलं. आईवडिलांपैकी एकाने मुलांबरोबर तिथे बसायचं, दुसऱ्याने तासभर दालनं बघायची, मग अदलाबदल. दुसरा पर्याय भायखळा. पण तिथे आधी संग्रहालय, मग राणीची बाग. पेंग्विन एकदा बघितले की मुलं पुन्हा कुठल्याही इमारतीत शिरायला तयार होत नाहीत, हे मी दोनदा अनुभवलंय. बागेचं आणि संग्रहालयाचं तिकीट वेगळं.

ज्येष्ठ मंडळी असतील तर एका दिवशी एकच. खरंच एकच. संग्रहालयातलं चालणं रस्त्यावरच्या चालण्याहून जास्त दमवतं, कारण दोन पावलं टाकायची, थांबायचं, पुन्हा दोन पावलं. गुडघे त्यानेच धरतात. एनजीएमएमध्ये अर्धगोलाकार दालनं एकावर एक चढत घुमटापर्यंत जातात, चढउतार भरपूर. ज्यांना जिन्याचा त्रास आहे त्यांच्यासाठी भाऊ दाजी लाड सोपं. आटोपशीर आहे, तास-सव्वातासात मनासारखं बघून होतं आणि बाहेर झाडांची सावली आहे.

खर्चाचंही बोलू. जहांगीरला तिकीट नाही. एनजीएमए आणि भाऊ दाजी लाडचं तिकीट नाममात्र असतं. वस्तुसंग्रहालयाचं त्या मानाने बरंच जास्त, पाच-सहा जणांच्या कुटुंबाला जाणवेल इतकं. मी म्हणेन की ते पैसे द्यावेत, पण अर्ध्या तासासाठी देऊ नयेत. किमान दोन तास असतील तरच तिकीट काढा. नसतील तर समोर जहांगीरमध्ये जा.

धागा पकडा

आता मुख्य प्रश्न, तुम्हाला बघायचंय काय? "सगळं" हे उत्तर मी पाहुण्यांकडून स्वीकारत नाही. एक धागा पकडा आणि त्याच्या मागे जा. मी आजवर लोकांना सुचवलेले आणि त्यांना खरोखर आवडलेले तीन धागे सांगते.

पहिला धागा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं ते तिथल्या एका मोठ्या दगडी हत्तीमुळे. १८६४ साली तो हत्ती इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना तो कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणले गेले आणि १९१४ साली जोडून हत्ती पुन्हा उभा केला. तो आज भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर उभा आहे. शेकडो माणसं त्याच्याजवळून पेंग्विन बघायला जातात आणि त्याच्याकडे वळूनही बघत नाहीत. तुम्ही थांबा. भोवती एक फेरी मारा, पाय, पोट, गंडस्थळ बघा आणि तुकडे कुठे सांधले असतील ते शोधा. मुलांना हा खेळ फार आवडतो. मग वस्तुसंग्रहालयाच्या शिल्पदालनात जा, तिथे घारापुरीचा ब्रह्मा आहे. आणि दुसरा दिवस हाताशी असेल तर गेटवेहून लाँच पकडून प्रत्यक्ष बेटावर. साधारण तासाभराचा प्रवास, वर सुमारे १२० पायऱ्या, आणि मग अंधाराला डोळे सरावले की समोर उभा राहतो तो वीस फुटांच्या आसपासचा त्रिमुखी सदाशिव. १९८७ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद असतात, म्हणून हा धागा दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंतचा. या क्रमाने पाहिलं की एका जागेचं मोडणं, विखुरणं आणि टिकून राहणं दोन दिवसांत डोळ्यांसमोर येतं.

दुसरा धागा वस्तुसंग्रहालयाच्या आतलाच, आणि एका दिवसाच्या माणसाला माझा पहिला सल्ला हाच. इमारत जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाची. १९०५ साली पायाभरणी, १९१४ च्या सुमारास बांधकाम पूर्ण, पण पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ चाललं आणि लोकांसाठी दारं उघडली ती १९२२ साली. तेव्हाचं नाव प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. जुने मुंबईकर अजून तेच म्हणतात, आताचं नाव १९९८ पासूनचं.

दारातून आत गेलात की लगेच दालनांकडे धावू नका. मधल्या घुमटाखाली उभे राहा आणि वर बघा. बाहेरून विजापूर-गोवळकोंड्याची आठवण करून देणाऱ्या या घुमटाच्या आत, पहिल्या मजल्यावर गोलाकार लाकडी कमानी आणि कठडे आहेत. ते नाशिकच्या एका वाड्यातले. संग्रहालयाने ते विकत घेतले आणि विटेटने इमारतीत बसवून टाकले. माझी आत्या मूळची नाशिकची, तिला मी काहीही न सांगता तिथे उभं केलं होतं. ती बराच वेळ मान वर करून बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, हा तर आपल्याकडचा वाडा आहे. माडीवर अस्साच कठडा होता, आम्ही त्याला धरून खाली वाकायचो आणि आजी ओरडायची." पुढचा अर्धा तास आम्ही कुठलंही दालन पाहिलं नाही. वर जाऊन त्या लाकडाशेजारी उभ्या राहिलो. ती मला खांबाची बैठक, वरचं कमळ, कमानीची नक्षी दाखवत होती आणि तिच्या घरात त्या प्रत्येक जागेला काय नाव होतं ते सांगत होती. त्या दिवसातलं माझ्या सगळ्यांत जास्त लक्षात राहिलेलं दर्शन तेच.

मग शिल्पदालन. तिथे ऐहोळेच्या देवळाच्या छतावरून आलेले मोठे शिल्पपट आहेत, ब्रह्मा, शेषशायी विष्णू, शिवपार्वती. ही शिल्पं खालून मान वर करून बघण्यासाठी घडवलेली, डोक्यावर आडवी. इथे ती समोरासमोर भेटतात. देवळात उभ्या भक्ताला ती इतक्या जवळून, इतक्या निवांत कधी दिसली नसतील. शेजारी सिंधमधल्या मीरपूर खासच्या स्तूपावरच्या भाजक्या मातीच्या बुद्धमूर्ती आहेत. दगडानंतर लगेच माती बघा, बोटांचा फरक कळतो.

तिसरा थांबा लघुचित्रांचा, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथूनच लोक सगळ्यांत भरभर पुढे जातात. प्रकाश मंद असतो, रंग उडू नयेत म्हणून तो मुद्दाम तसा ठेवतात. चित्रं वीतभर. दुरून सगळी सारखी दिसतात. पण ही भिंतीवर लावायची चित्रं नव्हतीच, हातात धरून, मांडीवर ठेवून बघायची होती. म्हणून काचेला नाक न लावता जितकं जवळ जाता येईल तितकं जा. पूर्ण भिंत बघू नका, पाच चित्रं निवडा. प्रत्येक चित्रात मधल्या राजाकडे किंवा कृष्णाकडे आधी बघू नका, खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करा. तिथे एखादा नोकर, एखादं बदक, एखादं झुडूप असतं आणि चित्रकाराने तिथेच मन मोकळं केलेलं असतं. केस बघा. खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्याने एक एक ओढलेले असतात. बसोली शैलीचं चित्र दिसलं तर दागिन्यांतल्या हिरव्या खड्यांकडे लक्ष ठेवून थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे सरका. त्या शैलीत पाचूच्या जागी भुंगेऱ्याच्या पंखाचे चिमुकले तुकडे चिकटवत. प्रकाश बरोबर कोनात पडला की रंगात नसलेली एक चमक मिळते. अकबराच्या चित्रशाळेतली अन्वार-इ-सुहैलीची चित्रंही याच संग्रहात आहेत, पंचतंत्राच्या गोष्टींचा फारसी अवतार. मुलांबरोबर असाल तर प्राणी ओळखून गोष्ट आठवायला सांगा.

एवढं झालं की बाहेर पडा. टाटा बंधूंनी दिलेला संग्रह, चिनी-जपानी वस्तू, शस्त्रं, हिमालयातली कला, हे सगळं आहे आणि मोलाचं आहे. पुढच्या खेपेला. एक अपवाद करते: मराठी घरांतल्या पुरुषांना शस्त्रदालनाची ओढ फार असते. बरोबर असे कुणी असतील तर अकबराचं चिलखत त्यांना आधीच दाखवून टाका, म्हणजे पुढे ते शांतपणे चित्रं बघतात.

तिसरा धागा मुंबईच्या चित्रकारांचा. १८५७ साली सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं, १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी, १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप, म्हणजे सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि शिल्पकार बाकरे. १९५२ साली जहांगीर आर्ट गॅलरी उभी राहिली, त्यामागे सर कावसजी जहांगीर यांची देणगी होती आणि चित्रकार के. के. हेब्बार व डॉ. होमी भाभा यांचा आग्रह. रस्त्यापलीकडचा कावसजी जहांगीर हॉल १९११ चा, तोही विटेटचाच. तिथे सभा झाल्या, मैफली झाल्या आणि १९९६ पासून तो एनजीएमए आहे. आपल्या माणसांनी आपल्या शहरात रंगवलेली चित्रं बघायची असतील तर हा पट्टा तुमचा. फक्त आधी सांगितलं ते विसरू नका: इथे प्रदर्शनं बदलतात, नेमकं गायतोंडे किंवा हुसेन यांचंच चित्र दिसेल असं धरून जाऊ नका.

जहांगीरमध्ये जायला लोक बिचकतात. "आपण विकत थोडंच घेणार आहोत?" असं वाटतं. निर्धास्त जा. तिथे भिंत मिळावी म्हणून चित्रकार कित्येक वर्षं वाट बघतात. तो आठवडा त्यांच्या आयुष्यातला मोठा आठवडा असतो आणि मनापासून बघणारं माणूस त्यांना हवंच असतं. धुळ्याचे, सांगलीचे, चंद्रपूरचे चित्रकार इथे भेटतील, मराठीत बोला. "यात काय दाखवलंय?" हा प्रश्न मात्र टाळा. "हे करायला किती दिवस लागले?", "हा रंग आधी लावला की नंतर?" असं विचारा. माणूस खुलतो आणि तुम्हाला चित्र पुन्हा बघावंसं वाटतं. बाहेर फूटपाथवर चित्रं मांडून बसणारे कलाकार आहेत, त्यातले काही समोर बसवून तुमचं चित्रही काढून देतात. आधी भाव ठरवा आणि घासाघीस बेताची करा.

वेळ असा बसतो

पुण्याहून डेक्कन क्वीनने आलात तर साडेदहाच्या आत सीएसएमटी, परतीची गाडी पाच वाजून दहा मिनिटांनी. हातात साडेसहा तास. सामान ठेवून, चहा घेऊन अकराला वस्तुसंग्रहालयात. घुमट, शिल्पं, लघुचित्रं, मध्ये पंधरा मिनिटं बाकावर बसणं धरून दीड वाजतो. जेवण आधी, दुसरं संग्रहालय नंतर. भुकेल्या पोटी कुणालाही अमूर्त चित्र आवडत नाही. जेवायला तास द्या, तोही बसून. अडीच ते साडेतीन एनजीएमए, मग जहांगीर. सव्वाचारला तिथून निघायचंच. सोमवार असेल तर एनजीएमएच्या जागी दुसरं काही घुसवू नका, तो तास लघुचित्रांना द्या.

दोन दिवस असतील तर पहिला काळा घोडा, दुसरा भायखळा. भायखळ्याची इमारत १८७२ ची, आधी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होतं. १९७५ साली त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव दिलं, त्याच्या उभारणीत जगन्नाथ शंकरशेट यांच्याबरोबर ज्यांनी जीव ओतला त्यांचं. पुढे इमारतीची अवस्था बिकट झाली होती. काळजीपूर्वक जीर्णोद्धार करून २००८ साली ती पुन्हा उघडली, आणि ते हिरवे-सोनेरी आतले रंग, ओतीव लोखंडाचे खांब बघितले की त्या कामाबद्दल मनात आदर दाटतो. इथे वरच्या मजल्यावरच्या मातीच्या छोट्या प्रतिकृतींजवळ रेंगाळा: वेगवेगळ्या जातीजमातींचे वेष, व्यवसाय, घरं. आजी-आजोबांना इथे आणा आणि त्यांना बोलू द्या.

आणि मागच्या बाजूला घोड्याला भेटा. काळा घोडा हे नाव ज्याच्यामुळे पडलं तो सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ साली चौकातून हलवला, तो आता इथे आहे. चौकात २०१७ पासून दुसरा घोडा आहे, स्वार नसलेला. पहिल्या दिवशी रिकाम्या पाठीचा घोडा बघायचा आणि दुसऱ्या दिवशी स्वारासकट मूळचा.

विमानाने येणाऱ्यांना टी२ टर्मिनलवरची कलाभिंत चालता चालता दिसते, पाच हजारांहून अधिक वस्तू आहेत. ती बघायला वेगळा वेळ काढायला नको, पण सामानाच्या पट्ट्याकडे पळताना मान वर ठेवा. मुक्काम वांद्र्याकडे असेल तर बीकेसीतल्या नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरच्या आर्ट हाउसमध्ये काय लागलंय ते बघा, मोठी प्रदर्शनं असतात. जानेवारीअखेर-फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सवाचे नऊ दिवस येत असतील तर त्या शनिवार-रविवारी संग्रहालयांचा बेत आखू नका. महोत्सव बघायला या, पण त्या गर्दीत शांतपणे चित्र बघता येत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी दोन्ही साधतं.

बरोबर न्यायच्या वस्तू थोड्याच. पाण्याची बाटली, पातळ शाल किंवा ओढणी, कारण काही दालनं बाहेरच्या घामानंतर गारठवतात, पावसाळ्यात छत्रीसाठी प्लास्टिकची पिशवी, आणि छोटी वही. फोटोचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे, तिकीट काढतानाच विचारा. तिथेच मराठीतल्या ऑडिओ गाइडची किंवा माहिती देणाऱ्या फेरीचीही चौकशी करा. वहीत प्रत्येक दालनातली एकच वस्तू लिहायची, तीही बाहेर बाकावर बसून, फलकाकडे न बघता. नाव, साल आठवत नसेल तर राहू द्या. "मातीचा बुद्ध, डोळे अर्धे मिटलेले" एवढं पुरतं. घरी गेल्यावर आत्या मला अजूनही तिच्या वहीतून वाचून दाखवते.

परत सीएसएमटीला पोचल्यावर गाडीला वेळ असेल तर लगेच फलाटावर जाऊ नका. रस्त्याच्या पलीकडे जा, 'आराम' या दुकानातला वडापाव घ्या आणि तिथून स्टेशनाकडे बघा. १८८८ साली पूर्ण झालेल्या या इमारतीवरच्या कोरीवकामात जे. जे.च्या विद्यार्थ्यांचे हात लागले आहेत. पानं, फुलं, मोर, माकडं. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आहे, दुसरीकडे वाघ. वाघ शोधा, वडा संपवा आणि गाडी सुटायच्या वीस मिनिटं आधी क्लोकरूमची रांग धरा.